शब्दांकन सोडून प्राण्यांवर लिहायला बसताय? या चुका टाळा

सोळा वर्षं मी दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहिली. मुखपृष्ठावर त्यांचं नाव, आत बारीक अक्षरांत 'शब्दांकन', बहुतेकदा तेही नाही. एका निवृत्त वनाधिकाऱ्यांचं पुस्तक छापून झालं आणि प्रकाशकांनी विचारलं, यातलं बिबट्याचं प्रकरण मुलांसाठी वेगळं लिहाल का? मी हो म्हटलं. आता प्राण्यांवरचं तिसरं पुस्तक हातात आहे. या वाटेला कुणी येणार असेल तर माझ्या चुका त्यांच्या कामी याव्यात.

पहिली चूक सवयीची. समोरच्याच्या 'मी'मध्ये शिरणं हेच आमचं कसब. बिबट्यावर लिहितानाही मी तेच केलं. जुन्नर भागात ऊसतोडणीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. तसा एक प्रसंग होता. मी मादीच्या मनात शिरलो आणि लिहिलं, की तिने पिल्लं टाकून दिली, तिचं काळीज दगडाचं झालं होतं. परिच्छेद चांगला उतरला होता, पण साफ खोटा होता. मादी पिल्लांना उसात लपवून शिकारीला जाते. मजुरांना ती एकटी दिसतात, म्हणून टाकलेली वाटतात. वनखातं ती पिल्लं अंधार पडायच्या सुमाराला त्याच जागी नेऊन ठेवतं, आणि बरेचदा मादी रात्रीत येऊन एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. माझं वाचून एखाद्या पोराने दया येऊन पिल्लू घरी आणलं असतं, तर त्या पिल्लाची आई खरोखरच तुटली असती. तेव्हापासून वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. उजवीकडचं काही छापायचं झालं तर ते ज्याला वाटलं त्या माणसाच्या तोंडी घालतो, प्राण्याच्या नाही.

दुसरी चूक मला सगळ्यांत धोक्याची वाटते: एकाच साक्षीदारावर भिस्त. आत्मचरित्रात सांगणाऱ्याचं म्हणणं हेच पुस्तक असतं, तिथे उलटतपासणी कोण करतो? इथे करावीच लागते. रानपिंगळ्याचं उदाहरण घ्या. या छोट्या घुबडाची १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत मिळवला म्हणून दाखवलेला नमुना. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला, तेव्हा कळलं की तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी होता, चिठ्ठी फक्त नवी लावलेली. मग त्या आणि त्यांचे सहकारी खोट्या चिठ्ठीवरचं ठिकाण सोडून जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळू लागले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला! शतकाहून जास्त काळ हरवलेला पक्षी आपल्या खानदेशात सापडला, हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आता नावं. गावात 'वाघ आला होता' म्हणतात तेव्हा पुष्कळदा तो बिबट्या असतो. पट्टे होते की ठिपके, एवढं विचारलं तरी उलगडा होतो. कोल्ह्याचा घोळ याहून वाईट. भाषांतरित गोष्टींनी फॉक्सचा कोल्हा करून टाकला. आपल्या माळावरचा फॉक्स म्हणजे खोकड, आणि कोल्हा म्हणजे जॅकल. सांगणाऱ्याचं नाव जसंच्या तसं टिपा, फोटो दाखवून खात्री करा आणि शेजारी शास्त्रीय नाव लिहून ठेवा. गावचं नाव मात्र पुस्तकातून काढू नका, ती आपली ठेव आहे.

घरट्याची किंवा गुहेची नेमकी जागा छापू नका. तालुका सांगितला तरी पुरे.

शेवटची चूक माझ्याकडून होता होता राहिली. पहिल्यांदाच मुखपृष्ठावर माझं नाव येणार होतं, आणि त्या आनंदात ज्यांनी मला रान दाखवलं ते वनमजूर, गुराखी, वाटाडे यांचा ऋणनिर्देश एका ओळीत 'स्थानिक लोक' म्हणून उरकला होता. इतकी वर्षं बिननावाने लिहिलेल्या माणसाने हे करावं! मुद्रितं परत मागवली. आता प्रत्येकाला त्याचा भाग वाचून दाखवतो, नाव घालू का विचारतो, आणि ते कसं हवं, आडनावासकट की गावासकट, तेही त्यालाच ठरवू देतो.