विमानाच्या इंधनात पाणी आणि कचरा: या चुका टाळा

सॅम्पलरमध्ये, म्हणजे नमुन्याच्या पारदर्शक भांड्यात, विमानाच्या टाकीतून दोन बोटं इंधन काढायचं, उजेडाकडे धरल्यासारखं करायचं आणि ओतून मोकळं व्हायचं. याला तपासणी म्हणत नाहीत. शिकाऊ मुलांचं एक वेळ समजू शकतं, पण जुनेजाणतेही हेच करताना दिसतात तेव्हा डोक्याला हात लावायची वेळ येते.

नमुना काढला, पण पाहिला नाही

सगळ्यात जास्त फसवतो तो नुसत्या पाण्याने भरलेला नमुना. इंधन आणि पाणी दोन्ही असेल तर मधली रेष दिसते. टाकीच्या तळाशी पाणी भरपूर असेल तर सॅम्पलरमध्ये येतं तेही पाणीच. रेष नाही, कचरा नाही, सगळं कसं नितळ! घाईतला माणूस खूश होऊन पुढच्या ड्रेनकडे, म्हणजे तळाशी नमुना काढायच्या तोटीकडे, वळतो.

१००एलएल ॲव्हगॅस, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानांचं पेट्रोल, निळं असतं, म्हणून नमुना पांढऱ्या कागदासमोर धरा. आकाशासमोर धरू नका, तिथे पाणीही निळसर भासतं. जेट ए-१ या जेट इंधनाला रंगाचा आधार नाही. ते पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर असतं. तिथे वास घ्या आणि भांडं गोल फिरवून भोवरा करा, म्हणजे पाण्याचे थेंब आणि गाळ तळाशी मधोमध जमतो. तरी शंका उरली तर त्यात चार थेंब पाणी टाका. ते वेगळे होऊन तळाला बसले तर भांड्यात इंधन आहे. दिसेनासे झाले तर भांड्यात पाणीच आहे.

किती काढायचं? अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, म्हणजे एफएएच्या, पत्रकात एका प्रयोगाची नोंद आहे. वर पंख असलेल्या विमानाच्या अर्ध्या भरलेल्या टाकीत ३ गॅलन पाणी ओतलं, तरी खालच्या स्ट्रेनरमधून (गाळणीतून) १० औंस, म्हणजे साधारण ३०० मिली, इंधन काढल्यावर कुठे पहिलं पाणी दिसलं. दोन बोटांच्या नमुन्याची किंमत यावरून करा. आधी टाक्यांचे सगळे ड्रेन, मग गॅस्कोलेटर (हीच ती खालची गाळणी), हा क्रम मोडू नका. सेसना १७२एसला एकूण १३ ड्रेन आहेत. त्यातले सोयीचे तीन-चार पाहून बाकीचे 'ठीकच असतील' म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालणं सोडलं आहे.

इंधन भरल्याबरोबर नमुना काढणं हीदेखील स्वतःची समजूत घालणंच. ढवळलेलं पाणी खाली बसायला वेळ लागतो: ॲव्हगॅसमध्ये दर फूट खोलीला सुमारे १५ मिनिटं, जेट इंधनात सुमारे एक तास. रबरी पिशवीच्या टाक्या असतील तर तळाच्या सुरकुत्यांमध्ये पाणी अडून बसतं. पंख हलवा, शेपूट खाली-वर करा, मग पुन्हा काढा.

झाकणाची ओ-रिंग

टाकीतल्या पाण्याचा दोष सगळे दवाला देतात. पावसात उभ्या विमानात ते बहुतेकदा टाकीच्या झाकणाच्या चिरलेल्या ओ-रिंगमधून, म्हणजे रबरी कड्यातून, येतं. कडक झाली की बदला. चिकटवून, ग्रीस फासून दिवस काढू नका.

उभे ड्रम

उभ्या ड्रमच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचतं. रात्री गारव्याने आतलं इंधन आकसतं आणि ते पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं, बूच घट्ट असलं तरी. भरलेले ड्रम आडवे ठेवा, बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी. उपसताना पंपाची नळी तळापासून दोन-तीन इंच वर ठेवा. तळाचं 'वाया जातं' म्हणून हळहळू नका, ते वाया घालवायचंच असतं.

नरसाळं

जेट इंधनाच्या नोझलचं तोंड मुद्दाम रुंद आणि चपटं केलेलं असतं, पिस्टन विमानाच्या टाकीत जाऊ नये म्हणून. ते जात नाही म्हटल्यावर नरसाळं शोधायला निघालेल्या माणसाला तिथेच थांबवा. आणि रंगावर विसंबू नका, भेसळीतही निळी झाक राहते. पांढऱ्या कागदावर थेंब टाका: ॲव्हगॅस उडून जातं, जेट इंधन तेलकट डाग सोडतं.

भरताना मिळणाऱ्या खुणा

इंधन भरणाऱ्या यंत्रणेतल्या फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक पूर्ण प्रवाह चालू असतानाच वाचायचा आणि रोज लिहायचा. तो हळूहळू वाढणं अपेक्षित आहे. एकदम वाढला तर थांबा. एकदम उतरला तर 'बरं झालं, मोकळा झाला' म्हणू नका, आतला एलिमेंट (गाळणारा भाग) फाटलेला असू शकतो.

१३ एप्रिल २०१० रोजी कॅथे पॅसिफिकचं ७८० हे उड्डाण सुराबायाहून हाँगकाँगला निघालं. इंडोनेशियातल्या सुराबायाच्या हायड्रंट लाइनमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या जमिनीखालच्या इंधनवाहिनीत, विस्ताराच्या कामानंतर खारं पाणी राहिलं होतं. ते डिस्पेन्सरच्या, म्हणजे त्या वाहिनीतून विमानात इंधन भरणाऱ्या गाडीच्या, फिल्टर मॉनिटरमध्ये पोहोचलं. या फिल्टरमध्ये पाणी शोषणारं पॉलिमर होतं. खाऱ्या पाण्याने ते नीट काम करेना आणि त्याचे बारीक गोळे इंधनाबरोबर विमानात गेले. भरताना होजला (इंधनाच्या नळीला) थरथर सुटून काम मध्ये थांबलं होतं, हवा अडकली असेल असं समजून पुन्हा सुरू झालं. पुढे गोळ्यांनी इंधन मोजणारे भाग अडकले, दोन्ही इंजिनांचा जोर वैमानिकांच्या ताब्यात राहिला नाही आणि ते ए३३० विमान सुमारे २३० नॉट वेगाने, म्हणजे नेहमीपेक्षा खूप जास्त वेगाने, उतरवावं लागलं. होज थरथरला की आमच्याकडे भरणं बंद होतं आणि फिल्टर उघडला जातो. उशीर होतो, होऊ दे.

बायोसाइड अंदाजाने

पाणी आणि इंधन जिथे भेटतात तिथे बुरशी वाढते, तपकिरी चिकट थर जमतो, टाकीतलं इंधन मोजणारे प्रोब चुकीचं माप दाखवतात. यावर पहिला इलाज पाणी काढणं, औषध (बायोसाइड, म्हणजे बुरशीनाशक) नंतर. औषध घातलंच तर गणित दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. १०० पीपीएम (दहा लाखांत शंभर भाग) म्हणजे १,००० लिटरला १०० मिली. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या गॅटविकहून उडालेल्या ए३२१ विमानाच्या दोन्ही इंजिनांनी त्रास दिला, तेव्हा तपासात देखभालीच्या वेळी या प्रमाणाच्या सुमारे ३८ पट बायोसाइड घातल्याचं निघालं. म्हणजे १,००० लिटरला पावणेचार लिटरच्या वर. हातात एवढा मोठा कॅन आला की आकडा कागदावर पुन्हा मांडायचा, कॅन उघडायच्या आधी.