इन्युइट मुलांची जुन्या काळातली साहसकथा कशी लिहावी

आधी जागा आणि काळ पक्का करा. 'फार फार वर्षांपूर्वी, बर्फाच्या देशात' एवढ्यावर भागत नाही. इन्युइट म्हणजे उत्तर टोकाच्या बर्फाळ प्रदेशातले मूळ रहिवासी, आणि अलास्कापासून ग्रीनलंडपर्यंत त्यांची घरं, शिकार, कपडे सगळं बदलत जातं. मी बहुतेकदा इग्लूलिक धरते. कॅनडाच्या उत्तरेचं हे बेट साधारण 69 अंश उत्तरेला आहे. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही. पॅरी या इंग्रज अधिकाऱ्याची जहाजं तिथे 1822 साली पोचली, म्हणून गोष्ट त्याआधीची ठेवा. चहा-बंदुका आपोआप बाहेर राहतात. आणि पेंग्विन नकोत, ते दक्षिण गोलार्धातले.

घर दोन वाक्यांत उभं करा. दगडी दिवा, म्हणजे कुल्लिक, त्यात सीलची चरबी आणि शेवाळाची वात. वर वाळत घातलेले ओले हातमोजे. झोपायचा ओटा दारापेक्षा उंच, कारण गार हवा खाली साठते.

नावांकडे मात्र लक्ष द्या. बाळाला वारलेल्या माणसाचं नाव ठेवतात आणि त्याचं नातंही बाळाकडे येतं. आजोबांचं नाव मिळालेल्या चार वर्षांच्या पोराला त्याची आईच 'बाबा' म्हणते. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे आपल्या मुलांना हे चटकन कळतं. संवादात वापरा, समजावत बसू नका.

आता खरी अवघड जागा: सुटका. मलाही इथेच सर्वांत जास्त झगडावं लागलं. 'अस्वल आणा, मग बाप धावत येऊ दे' हा सल्ला सर्रास मिळतो. अजिबात ऐकू नका. मूल स्वतःच्या ज्ञानावर वाचलं पाहिजे, आणि ते ज्ञान त्या प्रदेशाचंच हवं.

माझी आवडती युक्ती वाऱ्याची आहे. इग्लूलिकच्या भागात पश्चिम-वायव्येचा जोरदार वारा बर्फात जिभेसारखे कडक उंचवटे कोरतो. वादळात काही दिसत नसलं तरी ते पायाला लागतात. मुलगी गुडघ्यावर बसते, हातमोज्याने वरचा भुसभुशीत बर्फ बाजूला करते, खालची कडक धार चाचपते. जाताना या धारा जशा तिरक्या ओलांडल्या होत्या, तोच तिरकेपणा उलट्या दिशेने धरून ती परत चालते.

पण हे पेरावं लागतं, तेही पहिल्या दोन पानांत आणि कंटाळवाण्या कामाच्या वेषात. स्लेजमागे चालताना काका म्हणतो, 'कुत्र्यांकडे काय बघतेस, पायाखाली बघ.' बस, एवढंच. इथे व्याख्यान दिलंत की मूल पुस्तक मिटतं.

आणखी एक ताकीद. हीच मुलगी तुटून वाहणाऱ्या हिमखंडावर असेल तर ही युक्ती चालणार नाही. तो तुकडा पाण्यात फिरतो, त्याबरोबर धाराही फिरतात. युक्ती जमिनीवर किंवा किनाऱ्याला धरून असलेल्या बर्फावरच वापरा. ती एकटी का पडली, त्यालाही साधं कारण पुरे: विसरलेलं भाल्याचं टोक आणायला पाठवलेली असणं.

शिकार दाखवली तर मारलेल्या सीलच्या तोंडात गोडं, म्हणजे बिनखारट पाणी ओतण्याची रीत वगळू नका. सील खाऱ्या पाण्यात तहानलेला असतो अशी त्यांची श्रद्धा.

शेवटी सगळं मोठ्याने वाचा. मग क्नुड रासमुसेन या डॅनिश संशोधकाच्या 1921-24 च्या मोहिमेतल्या नोंदींशी ताडून पाहा. त्याने त्याच भागातल्या लोकांकडून ऐकलेलं लिहून ठेवलंय. जिथे त्यांचं आणि तुमचं जुळत नाही, तिथे तुमचं वाक्य खोडा.