स्कॅनर घ्यायच्या आधी: नदीकाठच्या गावाची पावसाळी तयारी

मे सरत आला की कोणीतरी पोट्टा मोबाइल पुढे धरून विचारतोच, "भाऊ, हा स्कॅनर घ्यावा का? पोलीस, फायर ब्रिगेड, अॅम्ब्युलन्स, सगळ्याइचं बोलणं ऐकू येते म्हणते." व्हिडिओ अमेरिकेतला असतो आणि यंत्र बहुतेक युनिडेनचं बीसी१२५एटी. बजेटमधल्या स्कॅनरांत त्याचं नाव तिकडे पहिल्यांदा निघतं. रेडिओ लहरींच्या २५ ते ५१२ मेगाहर्ट्झमधल्या ठरावीक पट्ट्या ते चाळतं आणि कुठे बोलणं सापडलं की थांबतं. यंत्र खोटं नाही, पण वैनगंगेच्या काठावर ते काय ऐकवणार, हे आधी बघा.

त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात 'वेदर अलर्ट' लिहिलेलं असतं. ती सोय १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात चॅनेलांवर चालते आणि त्यावरून बोलणारी हवामान केंद्रं उत्तर अमेरिकेत आहेत. आपल्याकडे ते बटण दाबलं की नुसती खरखर. म्हणजे ज्या कामासाठी आपल्याला यंत्र हवं, नेमकं तेच काम ते इथे करत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती हसण्यावारी नेऊ नका. तिकडे बऱ्याच राज्यांत घरी बसून पोलिसांचं वायरलेस ऐकणं चालतं, इथे चालत नाही. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ नुसार दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे. शिवाय गडचिरोली-गोंदियाकडे नाकाबंदीत पिशवीतून अँटेनावालं यंत्र निघालं, तर ते छंदाचं आहे हे पटवून देण्यात दिवस जाईल.

समजा, कायदा बाजूला ठेवला, तरी ऐकायला मिळणार काय? १०८ ची गाडी फोनवर मागवली जाते, फोन पुण्याच्या केंद्रात जातो आणि ड्रायव्हरला निरोपही फोनवरच येतो. ११२ चं मुख्य केंद्र नवी मुंबईत, दुसरं नागपुरात. तिथून घटनेची माहिती पोलिसांच्या गाडीतल्या स्क्रीनवर उमटते. शहरांतलं वायरलेस हळूहळू डिजिटल होतंय, त्यातलं साध्या स्कॅनरला काही कळत नाही. गावाला हवी असलेली बातमी, म्हणजे धरणाचे किती दरवाजे उघडले, पुलावर पाणी आलं का, वीज कडाडणार का, या लहरींवर फिरतच नाही. म्हणून तेच पैसे दुसरीकडे लावा.

सगळ्यात आधी एक साधा रेडिओ, पण बघून घेतलेला. बाजारात रेडिओ म्हणून जे मिळतं त्यातलं निम्मं ब्लूटूथ स्पीकर असतं, सोबत फक्त एफएम. आपल्याला मध्यम लहर हवी, डायलवर 'एएम' किंवा 'एमडब्ल्यू' लिहिलेली. एफएम साधारण नजरेच्या रेषेत जातं, टेकडीआड किंवा जंगलात शिरलं की दम तोडतं. मध्यम लहर जमिनीला धरून लांबवर येते. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर आहे. दुकानदाराला सांगा, सेल टाक आणि दुकानाबाहेर येऊन दिवसाउजेडी ५८५ लावून दाखव. रात्रीची परीक्षा धरू नका, रात्री दूरदूरची केंद्रं येतात आणि वाईट रेडिओही शहाणा वाटतो. एकदा केंद्र लागलं की रेडिओ हातात धरून सावकाश गोल फिरवा. आत फेराइटची कांडी असते, तिच्या दिशेप्रमाणे आवाज चढतो-उतरतो. ज्या रेडिओत हा फरक स्पष्ट कळतो तो घ्या. काट्याचा घ्यावा की आकड्यांचा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. म्हाताऱ्यांना काट्याचा बरा, अंधारात चाचपून लावायला आकड्यांचा.

बॅटरीकडे मात्र बारकाईनं बघा. आतली बॅटरी चार्ज करायचा रेडिओ दिसायला झकास, पण लाईन जाऊन तीन दिवस आली नाही की त्याचा ठोकळा होतो. पेन्सिल सेलवर किंवा टॉर्चच्या मोठ्या सेलवर चालणारा आणि वरून यूएसबीही असलेला मिळाला तर उत्तम. मोठे सेल जास्त दिवस टिकतात आणि किराणा दुकानात कुठेही मिळतात. हाताने फिरवायच्या डायनॅमोचे रेडिओही येतात, पण दांडी मिनिटभर फिरवून थोडाच वेळ ऐकू येतं. असला तर वाईट नाही, पण त्याच्याच भरवशावर राहू नका. साधा दोन बँडचा रेडिओ हजार-दीड हजारात येतो, शॉर्टवेव्हसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

घरी आणल्यावर रेडिओची जागा ठरवा. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे मध्यम लहरीचे वैरी. आणि रानडुकरांसाठी लावलेली, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी झटका मशीन! जवळपास कुठे ती चालू असली की सेकंदा-सेकंदाला टक्-टक् ऐकू येतं. लोक म्हणतात रेडिओ बिघडला. रेडिओ ठीक असतो, कुंपण बोलत असतं. पत्र्याच्या खोलीत खिडकीपाशी किंवा ओसरीवर ठेवा.

याच रेडिओचा आणखी एक उपयोग आहे आणि तो स्कॅनरपेक्षा मोलाचा. मध्यम लहरीवर खालच्या टोकाला, जिथे कोणतंच केंद्र नाही, तिथे काटा ठेवा. दूर कुठे वीज चमकली की कडकड असा एक फटका येतो. ढग जवळ येतात तसे फटके वाढतात आणि मोठे होतात. एफएमवर हे ऐकू येत नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत माणसं वाकलेली असतात, आभाळाकडे कोणाचं लक्ष नसतं. धुऱ्यावर रेडिओ ठेवला आणि खरखर दाट होऊ लागली की सगळ्यांनी पक्क्या घराकडे निघायचं, झाडाखाली नाही. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही लागले नाहीत, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. आवाज सुधारावा म्हणून बाहेर तार ओढली असेल तर ढग जवळ यायच्या आधीच ती काढून टाका, नाहीतर वीज स्वतः घरात यायची.

मोबाइलमध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप टाका, लोकेशन चालू ठेवा. आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेची सूचना ते देतं. सेटिंगमध्ये जाऊन इमर्जन्सी अलर्ट बंद तर नाहीत ना, हेही बघा. २०२३ मध्ये चाचणीचा भोंगा वाजला तेव्हा बऱ्याच जणांनी घाबरून ते बंद केले आणि तसेच ठेवले. हे सगळं टॉवर जिवंत असेपर्यंतच, म्हणून रेडिओ वेगळा.

नदीकाठच्यांनी धरणाचा हिशोब समजून घ्यायलाच हवा. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. २०२० च्या ऑगस्टअखेर वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी आलं, तेव्हा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं बुडाली. आपल्या डोक्यावर नुसता गोसी नाही, त्याच्याही वरचं धरण आहे, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. विसर्गाचा मेसेज येतो तो कधी क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी), कधी क्युमेक्समध्ये (सेकंदाला किती घनमीटर). एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. १०,००० क्युमेक्स वाचून दहा हजार क्युसेक समजलात, तर साडेतीन लाख क्युसेक पाण्याला तुम्ही नाला समजून बसाल. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय मेसेज पुढे ढकलू नका. शंका आली तर जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारा. तो नंबर, सोबत ११२, १०८, पोलीस पाटील आणि तलाठी यांचे नंबर पुठ्ठ्यावर मार्करने लिहून ग्रामपंचायतीत आणि शाळेत टांगा. मोबाइलमधला नंबर मोबाइल मेल्यावर कामाचा नाही.

गावातल्या पोरांना आपसात बोलायला वॉकीटॉकी हवी असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची, कमी ताकदीची, मंजुरी असलेलीच घ्या. तिला लायसन लागत नाही. बाओफेंगसारखी स्वस्त आणि ताकदवान यंत्रं त्यात बसत नाहीत. असली यंत्रं विकल्याबद्दल २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांना नोटिसा दिल्या. खोक्यावर पाच किलोमीटर लिहिलेलं असलं तरी झाडीत एक धरून चाला. आणि खरंच कोणा पोराला लहरींचं वेड असेल तर त्याला हॅमची, म्हणजे हौशी रेडिओ चालवायच्या लायसनची, परीक्षा द्यायला लावा. लायसन मिळालं की तो पूर आला तेव्हा बोलूही शकेल, नुसता चोरून ऐकणार नाही. संगणकाला लावून त्याचाच रेडिओ करायचा आरटीएल-एसडीआर डोंगल अभ्यासाला छान आहे, रशियाच्या मेटिऑर उपग्रहाची ढगांची चित्रं त्यावर उतरवता येतात. पण त्यावर पोलिसांचं ऐकणं स्कॅनरइतकंच बेकायदा.

सेल आणताना तारीख बघा, दोन जोड जास्त आणा आणि रेडिओबाहेर कोरड्या डब्यात ठेवा. रेडिओत पडून राहिलेला सेल पाझरला की पट्टी हिरवी पडते आणि ऐन पुरात आवाज येत नाही. दर पंधरवड्याला रेडिओ लावून बघायचं काम कोतवालाला नाही, ज्याच्या घरी रेडिओ आहे त्यालाच द्या.