छोट्या लॅपटॉपवर पहिला कर्नल
स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं, काम सुरू करताय? डिस्ट्रोचं (उबुंटू, फेडोरासारख्या तयार लिनक्सचं) आयतं कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी, जसंच्या तसं घेऊ नका. त्यात हजारो ड्रायव्हर असतात, बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून कर्नल तयार करणं, तासन्‌तास चालतो. त्याऐवजी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवा. ही कमांड त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) ठेवते, बाकीची गाळते. म्हणून आधी वायफाय जोडा, वेबकॅम सुरू करा, पेनड्राइव्ह लावून एखादी फाइल उघडा. हे राहिलं तर नवा कर्नल सुरू होईल खरा, पण पेनड्राइव्ह ओळखणारच नाही, आणि चूक कुठे झाली ते नवख्याला लवकर कळत नाही. रॅम ४ जीबी असेल तर बिल्डला दोनच जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) द्या, म्हणजे ‘मेक -j2’. कॉन्फिगमधल्या ‘लोकलव्हर्जन’मध्ये, म्हणजे कर्नलच्या आवृत्तीपुढे जोडल्या जाणाऱ्या शब्दात, वेगळं नाव घाला. जुना कर्नल ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतून मुळीच काढू नका. नवा अडकला की जुन्यातूनच परत आत शिरता येतं.