मोशेच्या पाचारणाचा पाठ कसा तयार करावा

अभ्यासवर्गासाठी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा तिसरा अध्याय, म्हणजे इस्राएल लोकांना सोडवण्यासाठी देव मोशेला बोलावतो तो भाग, निवडला की बहुतेक जण देव ज्यातून बोलतो त्या जळत्या झुडपापासूनच थेट वाचायला लागतात. तसे न करता दुसऱ्या अध्यायाच्या 23 व्या वचनापासून वाचावे. तेथे मिसरचा (इजिप्तचा) राजा मरण पावतो, इस्राएल लोक दास्यामुळे कण्हतात, आणि त्यांचा आक्रोश ऐकून देव अब्राहाम, इसहाक व याकोब यांच्याशी केलेला करार स्मरतो. ही तीन वचने आधी कानांवर पडली म्हणजे पाचारणाचे कारण मोशेच्या अंगच्या गुणांत नसून लोकांच्या आकांतात आहे, हे वर्गाच्या आपोआप लक्षात येते. पाठाचा सारा रोख याच मुद्द्यावर ठेवावा. मिसरमधून झालेल्या सुटकेच्या ज्यू सणात, पेसाहच्या रात्री, वाचल्या जाणाऱ्या हग्गादा या पोथीमध्येही मोशेचे नाव जवळजवळ येतच नाही. बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजासाठी ही पोथी मराठी भाषांतरासह 1874 मध्ये पुण्यात छापली गेली होती.

झुडपापाशी फार वेळ घालवू नये. सीनायच्या संत कॅथरीन मठात आजही एक झुडूप दाखवले जाते, पण ते हेच की दुसरे, या वादात अर्धा तास सहज निघून जातो. त्यापेक्षा 7 ते 10 ही वचने सर्वांना पेन्सिल घेऊन वाचायला लावावीत आणि क्रियापदांखाली रेघ मारायला सांगावी. पाहणे, ऐकणे, जाणणे, सोडवण्यासाठी खाली उतरणे या सर्व क्रियांचा कर्ता परमेश्वर आहे. आणि सोडवणारा तोच असे ठरल्यावर दहाव्या वचनात एकाएकी ‘तू जा’ अशी आज्ञा मोशेला होते. येथे वाचन थांबवून वर्गाला बोलते करावे.

यानंतर फळ्यावर दोन रकाने आखावेत. डावीकडे मोशेची हरकत आणि उजवीकडे तिला मिळालेले उत्तर लिहावे. हरकती पाच आहेत. फारोकडे, म्हणजे मिसरच्या राजाकडे, जाणारा मी कोण, या पहिल्या प्रश्नाला ‘तू अमुक आहेस’ असे उत्तर मिळतच नाही. ‘मी तुझ्याबरोबर असेन’ एवढेच आश्वासन मिळते. त्यासोबत दिलेली खूणही विलक्षण आहे, कारण लोकांना बाहेर आणल्यावर याच डोंगरावर तुम्ही माझी सेवा कराल, म्हणजे काम झाल्यावरच ती दिसणार आहे. एकोणिसाव्या अध्यायात, मिसर सोडल्यानंतर तिसऱ्या महिन्यात, लोक सीनाय पर्वतापाशी पोहोचतात, हे वचन तेथेच काढून वाचून घ्यावे. देवाच्या नावाविषयीची दुसरी हरकत थोडक्यात आटोपली तरी चालेल, मात्र पंधरावे वचन गाळू नये. लोक विश्वास ठेवणार नाहीत, या तिसऱ्या हरकतीला तीन चिन्हांचे उत्तर आहे, आणि त्यांतले पहिले मेंढपाळाच्या हातातल्या साध्या काठीचे आहे. तिचा साप झाल्यावर तो शेपटीला धरून उचलण्याची आज्ञा होते. शेपटीकडून धरलेला साप उलटून डसू शकतो, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते; विश्वासाची परीक्षा चिन्ह दाखवण्याआधी मोशेचीच होते, हे येथे सांगावे.

आपण जड जिभेचे आहोत, ही चौथी हरकत. तिला उत्तर मिळाल्यावर मोशेजवळ कारण उरत नाही आणि तो ‘दुसऱ्या कोणालातरी पाठव’ असे म्हणतो. पुष्कळ उपदेशांत याला नम्रता म्हणतात, ते मला पटत नाही, कारण देवाचा राग भडकला असे मजकुरातच म्हटले आहे. चार हरकती मात्र त्याने शांतपणे ऐकून घेतल्या, आणि रागातही बोलण्यासाठी त्याचा भाऊ अहरोन याचा आधार दिला. वेळ असल्यास यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय शेजारी ठेवावा. तो ‘मी बाळ आहे’ म्हणतो, तर फारोपुढे उभा राहताना मोशे 80 वर्षांचा आहे.

चौथ्या अध्यायातील 24 ते 26 या वचनांवर कोणीतरी हटकून प्रश्न विचारतो. तेथे मिसरच्या वाटेवर परमेश्वर ‘त्याला’ मारू पाहतो आणि मोशेची बायको सिप्पोरा मुलाची सुंता करते; जीव कोणाचा धोक्यात होता, मोशेचा की मुलाचा, हे मजकुरावरून स्पष्ट होत नाही. तसे सरळ सांगावे, सुंतेचा संबंध अब्राहामाच्या कराराशी आहे एवढे दाखवावे आणि पुढे जावे.

लोकांनी विश्वास ठेवून नमन केले, या गोड ठिकाणी पाठ संपवण्याचा मोह टाळावा. पाचव्या अध्यायात फारो पेंढा बंद करतो, विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवतो, इस्राएलांचे नायक मोशेला दोष देतात, आणि तो देवाकडे परत जाऊन ‘मला का पाठवलेस?’ असे विचारतो. हा प्रश्न डाव्या रकान्यात सहावा म्हणून लिहावा, उजवी बाजू रिकामी ठेवावी आणि सहाव्या अध्यायाचे पहिले वचन पुढच्या आठवड्यासाठी नेमून द्यावे.