गॅलरीत देशी झाडं लावताना

नर्सरीत ‘देशी’ म्हणून मिळणारं सगळंच इथलं नसतं. झेंडू मेक्सिकोकडचा, पांढरा चाफा अमेरिका खंडातला, औषधी म्हणून कौतुकाने दिली जाणारी पानफुटी मादागास्करची. ही झाडं लावू नयेत असं नाही. पण इथल्या फुलपाखरांनी यावं, काहींवर अंडीही घालावीत असं वाटत असेल, तर कढीपत्ता, रुई, अडुळसा, कोरांटी, खुळखुळा आणि कळलावी या सहांपासून सुरुवात करा. सगळी कुंडीत जमतात. रुई आणि खुळखुळ्याला मात्र पाच-सहा तास थेट ऊन हवं. पूर्वेच्या गॅलरीत दोन-तीन तासच ऊन येत असेल तर ती दोन सोडा. अडुळसा तेवढ्यावर भागवतो.

कुंडी 12 इंची घ्या, रुईसाठी 14 इंची, कारण तिचं मूळ खोल जातं. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा उलटा ठेवा. माती अशी: दोन भाग लाल माती, एक भाग जाडी वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, अर्धा भाग चांगलं कुजलेलं शेणखत. खत एवढंच. माळावरच्या झाडांना जास्त खत दिलं की ती लांबट, लुसलुशीत वाढतात, फुलं कमी देतात आणि मावा (रस शोषणारे बारीक किडे) आधी तिथेच बसतो. नुसती काळी माती भरू नका. पावसात तिचा चिखल होतो आणि मेमध्ये कडेने भेगा पडून घातलेलं पाणी थेट खाली निघून जातं. ओली 12 इंची कुंडी वीस किलोच्या वर जाते, म्हणून कठड्यावर नको, भिंतीलगत जमिनीवर ठेवा.

लावणीची वेळ जून-जुलै. अडुळसा आणि कोरांटी फांद्यांवरून येतात. पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंचांची, तीन-चार पेरांची फांदी पेराच्या जरा खाली तिरकी कापा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा आणि दोन पेरं मातीत जातील अशी खोचा. जागा सावलीची हवी. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. नवी पालवी दिसली म्हणून लगेच उपटून बघू नका. फांदीत साठलेल्या अन्नावरही पालवी फुटते, मुळं त्यानंतर येतात.

खुळखुळ्याच्या बियांचं कवच कठीण असतं. त्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरा. कढीपत्त्याचं उलट: पिकून काळं झालेलं फळ चोळून गर काढा आणि बी त्याच आठवड्यात लावा. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही.

कळलावीचा कंद आडवा, दोन इंच खोल ठेवा. कंदाच्या टोकाला कोंब असतो. ते टोक मोडलं तर त्या बाजूने काहीच येत नाही, म्हणून हाताळताना जपा. पानांच्या टोकांनी ती आधार पकडते, तेव्हा जाड खांब नको, बारीक काड्या किंवा सुतळी द्या. पावसाळ्यात फुलते आणि हिवाळा लागताच जमिनीवरचं सगळं सुकतं. इथे बहुतेक जण झाड मेलं समजून कुंडी रिकामी करतात, किंवा जगवायला पाणी घालत राहतात आणि कंद कुजवतात. कुंडी जूनपर्यंत कोरडी ठेवा. कळलावीचा प्रत्येक भाग, विशेषतः कंद, जीवघेणा विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर ती लावूच नका. मारुतीच्या हारासाठी रुईची पानं तोडताना तिचा चीकही डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आता पाहुणे. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर पुसू नका. ती लाइम किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखरांची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून दुहेरी लालसर शिंग काढून उग्र वास सोडते. दोन फुटी रोप चार-पाच अळ्या सहज बोडकं करतात, म्हणून कढीपत्ता दोन लावा, एक फोडणीसाठी, एक त्यांच्यासाठी. खाल्लेलं झाड पुन्हा फुटतं. कोषासाठी कुंडीत एक सुकी काटकी उभी करा. रुईवर प्लेन टायगर हे फुलपाखरू येतं. खुळखुळा वाळला की उपटून टाकू नका. त्यातला रस ओढायला टायगर जातीचे नर झुंडीने बसतात.

नर्सरीतून आणलेल्या रोपावर बऱ्याचदा फवारणी झालेली असते आणि त्यावरच्या अळ्या दोन दिवसांत मरतात. अशा रोपाची नवी पालवी येईपर्यंत धीर धरा. रुईवर पिवळा मावा आला तर पाण्याची जोरदार धार मारा, आधी अंडी-अळ्या आहेत का पाहून. कडुनिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ खरं, पण ते मावा आणि अळी यांत फरक करत नाही.

पाणी बोट घालून ठरवा: दोन इंच खाली कोरडं लागलं तरच. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका, मुळं कुजतात आणि डासही होतात. थंडीत कढीपत्ता पिवळा पडून पानं गाळतो, तेव्हा पाणी वाढवू नका, कमी करा. फेब्रुवारीत फूट येऊ लागली की मूठभर शेणखत द्या.