बांगड्यापासून मेंदूपर्यंत

मेंदूच्या संशोधनात मी आले ती बांगड्यामुळे. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर पेशींना वाचवणारं जनुक त्यांच्यात पोचवायचं, हे माझं काम; या विषयात पीएचडीला येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. रत्नागिरीत एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय होता, बर्फात ठेवलेला बांगडा किती दिवसांत खवट होतो. माशातली चरबी ऑक्सिजनने बिघडली की मॅलॉनडायअल्डिहाइड तयार होतं. थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर उकळलं की गुलाबी रंग येतो, तो 532 नॅनोमीटरला मोजायचा. महिनाभर हाताचा वास जाईना. पीएचडीच्या मुलाखतीत हे सांगायलाच मला लाज वाटत होती. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "मग आमचं अर्धं काम येतंय की तुला."

रक्तस्रावानंतर मेंदूतली चरबीही अशीच खवटते. बांगड्याचं काळं मांस आधी बिघडतं, कारण तिथे हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त रेणू, जास्त. मेंदूत साकळलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी पुढच्या काही दिवसांत फुटतात, हिमोग्लोबिनमधून हीम सुटतं आणि हीममधून लोह. हे मोकळं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला गाठतं, हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतं आणि पेशीचं आवरण सडायला लागतं. लोहामुळे होणाऱ्या अशा पेशीमृत्यूला 2012 मध्ये 'फेरोप्टॉसिस' हे नाव मिळालं. घरी एवढं सांगितलं तर आजी म्हणाली, "म्हणजे डोक्यात गंज चढता. मगे तू डॉक्टर झालंस काय गो?" नाही झाले. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर अख्खी वाडी बीपीच्या गोळ्या विचारायला येते.

नवी मुलं 'जीन ट्रान्सफर' या शब्दावर भाळून येतात. व्हायरस हे निव्वळ वाहन. आम्ही वापरतो त्या एएव्ही या छोट्या व्हायरसचा कण साधारण 25 नॅनोमीटरचा, त्यात 4.7 किलोबेसच्या (म्हणजे 4,700 अक्षरांच्या) आसपास डीएनए मावतो. चरबीचं हे खवटणं रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंट एन्झाइमांची बहुतेक जनुकं त्यात आरामात बसतात. खरं डोकं लागतं ते जनुक कुठल्या पेशीत उतरवायचं यासाठी. हीम ऑक्सिजनेज-1 हे एन्झाइम घ्या. ते हीम तोडतं, म्हणजे विष उचलतं. पण तोडताना लोह मोकळं करतं, म्हणजे दुसरं विष सोडतं. अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे न्यूरॉनला आधार देणारी मेंदूतली पेशी, ते लोह फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनात कोंडून ठेवू शकते. एका फेरिटिनमध्ये लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. न्यूरॉनला तेवढं झेपत नाही. म्हणून जीएफएपी या अ‍ॅस्ट्रोसाइटमधल्या प्रथिनाच्या जनुकाचा प्रमोटर (जनुक चालू करणारं बटण) लावून जनुक अ‍ॅस्ट्रोसाइटमध्येच चालू करतात. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

आता माझा गाढवपणा. बशीत वाढवलेल्या पेशींवर हेमिन (हीमचंच बाटलीत मिळणारं रूप) टाकून त्या मारायच्या आणि जनुकाने वाचतात का ते बघायचं, असा प्रयोग होता. पेशी मरेनातच! तीन आठवडे मी हेमिनचा डोस वाढवत बसले. जनुक न दिलेल्या पेशीही ठणठणीत. शेवटी एका सीनिअरने माझ्या मीडियमच्या (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवाच्या) बाटलीकडे बोट दाखवलं: त्यात सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढलेला द्रव, होतं. सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिन हेमिनला घट्ट धरून ठेवतं, पेशींपर्यंत पोचूच देत नाही. तेव्हा प्रयोगाच्या वेळी सीरम काढा. हेमिन आधी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशीच करा. त्याचा तपकिरी रंग रीडिंगमध्ये घुसतो, म्हणून नुसत्या हेमिनचा ब्लँक (वजा करायला वेगळं घेतलेलं रीडिंग) विसरू नका.

बाकी कागदपत्रं: नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये. प्राण्यांवरच्या कामाला एथिक्स कमिटी आणि व्हायरसला बायोसेफ्टी कमिटी, दोन्ही अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "पेशंटला हे कधी टोचणार?" रक्तस्राव होतो मिनिटांत आणि एएव्हीतलं जनुक भरात यायला एक-दोन आठवडे, म्हणून उंदरांवरच्या बऱ्याच प्रयोगांत व्हायरस आधी देतात आणि रक्तस्राव नंतर घडवतात. पेशंटच्या बाबतीत असं कसं करणार? शिवाय लोह धरणारं डिफेरॉक्सामिन हे औषध माणसांवर तपासलं, त्याचे 2019 मध्ये आलेले निकालही ठाम फायदा दाखवत नव्हते. हे लपवू नका, स्वतःच सांगा. मी सांगितलं, आणि जोडीला एवढंच म्हटलं की लोह मात्र तिथे कित्येक आठवडे पडून असतं, म्हणजे जनुकाला भरात यायला वेळ मिळू शकतो. पुढचा प्रश्न सरळ फेरिटिनवर आला.